रेडिएशननंतरची डोकेदुखी आणि अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी जनरल प्रॅक्टिस करतो. मेंदूच्या गाठीचे रुग्ण माझ्याकडे वर्षातून एखाद-दुसरे येतात, तेही उपचार पुण्या-मुंबईला घेऊन, घरी परतल्यावर. हे प्रकरण त्यातलंच एक. घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, आणि त्यातली एक सरळसरळ माझी आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांच्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. घरी काका, मुलगा पुण्यात नोकरीला, सूनबाई आणि नातू इथेच. शुगर काठावरची, गोळी चालू नव्हती. डाव्या पायाला झटके येऊ लागले म्हणून एमआरआय झाला, तेव्हा उजव्या बाजूला, मेंदूच्या वरच्या मधल्या रेषेला चिकटून मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, दिसला. ही जागा अडचणीची, कारण तिथूनच मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर जाते. सर्जननी काढता आली तेवढी गाठ काढली आणि शिरेला चिकटलेला तुकडा ठेवला. तपासणीत गाठ दुसऱ्या श्रेणीची निघाली, म्हणजे परत वाढण्याची शक्यता जास्त. म्हणून रेडिएशन ठरलं: ६० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

चौथ्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड ४ मिलिग्रॅम सकाळी आणि ४ दुपारी सुरू झालं, दोन दिवसांत उतार पडला. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी रेडिएशन संपलं. घरी सोडताना कागदावर लिहून मिळालं: रोज सकाळी ४ मिलिग्रॅमची एक गोळी दहा दिवस, मग अर्धी दहा दिवस, मग पाव दहा दिवस, मग फोन करा. पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी.

रेडिएशन संपलं की उपचार संपले, असं घरच्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही वाटतं. किरणांचा परिणाम मात्र त्या शुक्रवारी थांबत नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर गळकं होतं आणि पाणी पाझरून भोवतालच्या पांढऱ्या भागात साचतं. ही सूज उपचार चालू असताना येऊ शकते, संपल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत येऊ शकते, आणि सहा महिन्यांनंतर, कधी काही वर्षांनीही येऊ शकते. मधल्या रेषेजवळच्या मेनिंजिओमात ती जास्त दिसते, कारण रक्त बाहेर जायचा रस्ताच तिथे अरुंद झालेला असतो.

अडचण सुरू झाली ती अशी

रेडिएशन संपल्यापासून नवव्या दिवशी काकूंचं डोकं परत दुखायला लागलं. अकराव्या दिवशी काका त्यांना माझ्याकडे घेऊन आले. पहाटे जाग येते ती डोकेदुखीनंच, एकदा उलटी झाली, उलटीनंतर जरा बरं वाटलं, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. बीपी १००/६०.

काका म्हणाले, "पित्त झालंय डॉक्टर. तिला पहिल्यापासून आहे."

मी मान डोलावली. आपल्याकडे सकाळची डोकेदुखी आणि उलटीनंतरचा उतार म्हणजे पित्त, हे समीकरण इतकं पक्कं आहे की डॉक्टरही त्यात अडकतो. कवटीतला दाब वाढल्याची लक्षणं याच वेषात येतात. रात्रभर आडवं झोपल्यानं डोक्यातलं रक्त सावकाश उतरतं, झोपेत श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो, रक्तवाहिन्या फुगतात आणि आधीच सुजलेल्या मेंदूला जागा उरत नाही. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं. समोर काकू बसल्या होत्या तेव्हा सुचलं नाही. पोटाची गोळी आणि एक वेदनाशामक लिहून दिलं. "स्टेरॉइड चालू आहे ना?" एवढं विचारलं, काकांनी "हो, रोज सकाळी" म्हणून सांगितलं, आणि मी पुढच्या पेशंटकडे वळलो.

सोळाव्या दिवशी ते परत आले. वेदनाशामक गोळी आता दिवसातून दोनदा चालू होती, वरून शेजारणीनं दिलेला मोरावळा. डोक्याला तेल चोळणंही सुरू झालं होतं, रेडिएशननं काळवंडलेल्या, केस गेलेल्या त्याच जागेवर. ते बंद करायला सांगितलं. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र म्हणजे जठरातून रक्तस्रावाचा धोका, म्हणून तीही गोळी थांबवली, फक्त पॅरासिटामॉल ठेवली. अजूनही मूळ कारण हातात नव्हतं. काकू खुर्चीतून उठल्या आणि दारापर्यंत गेल्या, तेव्हा डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. त्यांना कळलंही नाही. काकांनी वाकून ती उचलली.

त्या चपलेमुळे मी अठराव्या दिवशी दवाखाना आटोपून त्यांच्या घरी गेलो.

स्टीलचा डबा

सूनबाईंना म्हटलं, सगळी औषधं बाहेर काढा. साखरेच्या जुन्या स्टीलच्या डब्यात सगळ्या स्ट्रिप होत्या. फिटची गोळी बरोबर होती. डेक्सामेथासोनची स्ट्रिप उलटी करून वाचली: ०.५ मिलिग्रॅम.

झालं होतं ते असं. हॉस्पिटलमधून आणलेल्या ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या सहा दिवस पुरल्या. इथल्या मेडिकलमध्ये ती ताकद नव्हती, त्याच औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी होती. काकांनी ती आणली आणि कागदाप्रमाणे दिली: एक सकाळी. अकराव्या दिवसापासून कागदावर अर्धी होती, म्हणून त्यांनी ती चिमुकली गोळी सुरीनं अर्धी केली. ताटलीत चुरा पडायचा तोही ते बोटानं टिपून काकूंना द्यायचे.

म्हणजे ४ मिलिग्रॅमवरून एका दिवसात अर्धा, आणि चार दिवसांनी पाव मिलिग्रॅम. शरीर रोज स्वतः जेवढं स्टेरॉइड बनवतं त्याच्या बरोबरीला डेक्सामेथासोनचा साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम लागतो. महिनाभर बाहेरून भरपूर मिळाल्यानं काकूंच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे शरीरातलं स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी, झोपलेल्या, त्यात हे. सूज उसळली ती एक गोष्ट, आणि गळाठा, मळमळ, उतरलेलं बीपी ही दुसरी. दोन्हींचं मूळ त्या डब्यात होतं.

काका कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर कागदाप्रमाणंच दिली." खरंच होतं ते.

पर्याय

संध्याकाळचे सात वाजले होते. काकू शुद्धीवर, बोलणं नीट, बाहुल्या सारख्या, ताप नाही, मान कडक नाही. डावा घोटा वर उचलण्यात आधीपेक्षा कमी जोर. गावातल्या नेत्रतज्ज्ञांना विनंती केली, त्यांनी रात्रीच डोळ्याचा पडदा तपासला. नसेला सूज नव्हती. त्यानं थोडा धीर आला, पण नस साफ असली म्हणजे दाब नाहीच असं होत नाही.

रुग्णवाहिकेनं रात्रीच पुण्याला नेणं हा एक मार्ग होता, दोन-अडीच तासांचा. दुसरा, इथल्या नर्सिंग होममध्ये मॅनिटॉलची, म्हणजे मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे काढणाऱ्या औषधाची, बाटली लावणं. आमच्याकडे डोकं म्हटलं की मॅनिटॉल लावायची सवय आहे, आणि नातेवाइकांनाही बाटली दिसली की बरं वाटतं. त्याचा परिणाम काही तासांचा असतो. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला सर्जनपर्यंत पोचवायला ते ठीक, आठवडाभर भिजत पडलेल्या सुजेवर त्याचा उपयोग नाही. काकूंचं बीपी आधीच खाली होतं, त्यात लघवीवाटे पाणी काढून टाकणं मला नको होतं. तिसरा मार्ग स्टेरॉइड योग्य मात्रेत परत सुरू करून ४८ तास डोळ्यात तेल घालून पाहणं.

पुण्याच्या रेडिएशनच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला चार फोन लागले. कागदावर होता तो फक्त स्वागतकक्षाचा नंबर. शेवटी मुलानं ओपीडीत मिळालेला एक मोबाइल नंबर शोधून काढला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं: ४ सकाळी, ४ दुपारी दोनच्या आत, पहिली मात्रा आत्ताच, सोडियम आणि शुगर उद्या, उलट्या वाढल्या, झोप अनावर झाली, झटका आला किंवा बोलणं अडखळलं तर थेट निघा. आम्ही तिसरा मार्ग धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकेदुखी निम्म्यावर. तिसऱ्या दिवशी काकूंनी चहा मागितला.

निर्णय बरोबर ठरला, तरी त्यात एक भोक होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन त्याच रात्री होऊ शकला असता. रक्तस्राव किंवा मेंदूतलं पाणी तुंबणं, हे दोन्ही सीटीत लगेच दिसतं. मला गोळीचं कारण सापडलं आणि मी तिथेच थांबलो. एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही, असं कुठे असतं?

कॅलेंडरवरचे गोल आणि फुल्या

आता खरा प्रश्न पुढचा होता: हे स्टेरॉइड कमी करायचं कसं? सूनबाईंना मी वही करायला सांगितलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णयच वापरायला घेतलं. पहाटे उठल्या उठल्या डोकं दुखलं तर तारखेच्या चौकटीत गोल, संध्याकाळी दुखलं तर फुली. खाली बारीक अक्षरात डेक्साचे मिलिग्रॅम. दुधाचा हिशेब त्याच चौकटीत वर.

आठवड्याभरात त्या पानावरून दोन वेगळ्या डोकेदुख्या दिसल्या. पहाटेची, वाकल्यावर-खोकल्यावर वाढणारी, ती सुजेची. संध्याकाळची, कपाळाभोवती आवळल्यासारखी, मान आखडल्यावर येणारी, ती थकव्याची आणि अपुऱ्या झोपेची. फुलीसाठी डेक्सा वाढवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. फुलीला शेक, अंधारी खोली, लागलीच तर पॅरासिटामॉल, आणि महिन्यात पंधरा दिवसांच्या आत. पंधरा दिवसांवर गेलं की गोळीच डोकेदुखी आणू लागते. लागोपाठ दोन गोल आले तर एक पायरी मागे जायचं आणि फोन करायचा. पलंगाच्या उशाखाली दोन विटा ठेवून डोक्याची बाजू उंच केली. उश्यांची चळत लावली तर मान मोडते आणि शिरा दबतात.

८ वरून ६ नीट झालं. ६ वरून ४ केल्यावर चौथ्या आणि पाचव्या दिवशी गोल उमटले. ठरल्याप्रमाणे ६ वर परत आलो.

दरम्यान स्टेरॉइडनं आपली बाकीची किंमत वसूल केली. उपाशीपोटी शुगर ११२, म्हणून सगळे निश्चिंत. संध्याकाळी पाचला तपासली तर ३१८. सकाळी घेतलेल्या डेक्सानं शुगर चढते ती दुपारनंतर, त्यामुळे नुसती उपाशीपोटीची तपासणी इथे फसवते. सकाळचं इन्सुलिन सुरू करावं लागलं. तोंडात बुरशीचा पांढरा थर आला. एका रात्री तीन वाजता सूनबाई पाणी प्यायला उठल्या, तर काकू ओट्यापाशी उभ्या राहून देवाची भांडी चिंचेनं घासत होत्या. झोप येत नाही तर काय करू, म्हणाल्या.

"गोळी वाढवा डॉक्टर"

जानेवारीच्या मध्यावर काका एकटेच आले. काकूंना पायात बळच राहिलं नाही, पाटावरून उठता येत नाही, देवघराच्या कडेला धरून उठतात. "सूज वाढली. गोळी वाढवा डॉक्टर."

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच. गाठीची जागा पायाच्या ताकदीचीच, म्हणजे सूज वाढली तर पायच जाणार, हे काका बरोबर बोलत होते. दुसऱ्या बाजूनं, डेक्सामेथासोन आठवडेच्या आठवडे चाललं की मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू खातं. तक्रार एकच, उपाय मात्र बरोबर उलटे. एकात गोळी वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. चुकीच्या दिशेला गेलो तर आजार वाढवणारे आपणच.

घरी जाऊन पाहिलं. चप्पल डाव्या पायात टिकत होती. घोट्याचा जोर महिन्यापूर्वीपेक्षा उलट सुधारलेला. उठता येत नव्हतं ते दोन्ही मांड्यांमुळे, डावी-उजवी सारखीच. हात वर करून वेणी घालतानाही दंड भरून यायचे, ती सूनबाई घालून देत होत्या. डोक्यातल्या एका बाजूच्या सुजेनं दोन्ही मांड्या आणि दोन्ही दंड असे एकाच वेळी, एकसारखे जात नाहीत. कॅलेंडरवर गेल्या सहा दिवसांत एकही गोल नव्हता. पोटॅशियम ठीक आलं.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचंही मत स्टेरॉइडकडेच झुकलं, पण त्यांनी एमआरआय महिनाभर अलीकडे ओढला आणि सोबत शिरांचाही फोटो मागितला. मोठी शीर बंद झाली असेल तर सुजेचं कारणच वेगळं, आणि औषधही वेगळं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अठराव्या दिवसापासून एकदाही नाही.

रिपोर्ट आला. उरलेला तुकडा होता तेवढाच. भोवतालची सूज रेडिएशनच्या आधीपेक्षा पसरट, रेडिएशन दिलेल्या भागातच. शीर अरुंद, पण वाहती.

आणखी दोन पर्याय, जे घेतले नाहीत

मुलानं इंटरनेटवर वाचून बेव्हासिझुमॅबबद्दल विचारलं. रेडिएशननं मेंदूचा भाग मरून आलेल्या सुजेवर ते इंजेक्शन काम करतं. २०११ मध्ये त्याची १४ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली, आणि औषध मिळालेल्या सगळ्यांची सूज कमी झालेली दिसली. पुण्याच्या डॉक्टरांनी ते राखून ठेवलं. त्यानं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि इथे तर मोठी शीर आधीच चिमटलेली. स्टेरॉइड उतरवताच आलं नाही तर पाहू, असं ठरलं.

काकूंच्या भावानं शल्लकीच्या, म्हणजे सालईच्या डिंकाच्या, कॅप्सूल आणल्या होत्या. मी त्या हसण्यावारी नेल्या नाहीत, कारण जर्मनीतली २०११ चीच एक चाचणी मला आठवत होती: ४४ रुग्ण, रेडिएशन चालू असताना शल्लकीचा अर्क, आणि एमआरआयवर सूज खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरलेली. पण स्टेरॉइड कमी लागलं असं त्यात निघालं नाही, आणि काकूंचं रेडिएशन तर संपलेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलू, नाहीतर कशानं काय झालं ते कॅलेंडरलाही कळणार नाही, असं मी म्हटलं. भाऊ जरा नाराज झाले.

पुढे काय झालं

स्टेरॉइड उतरवलं, मुंगीच्या पावलानं. दर दहा दिवसांनी १ मिलिग्रॅम, २ वर आल्यावर दर पंधरा दिवसांनी अर्धा. आता ती अर्ध्या मिलिग्रॅमची गोळीच कामाला आली. कागद मी नव्यानं केला: मराठीत, तारखेनिशी, मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या दोन्ही लिहून, शेजारी रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा चिकटवून. फिजिओथेरपिस्टनं खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम दिला, सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून. भारतीय संडासावर प्लास्टिकची खुर्ची आली. काकूंना ती अजिबात आवडली नव्हती.

एप्रिलमध्ये सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, कमी आलं, म्हणून साताऱ्याच्या तज्ज्ञांनी त्याची भरपाई करायला दोन महिने हायड्रोकॉर्टिसोन दिलं. जूनअखेर तेही सुटलं. इन्सुलिन त्याआधीच थांबलं होतं. जूनच्या एमआरआयमध्ये सूज बरीच ओसरली होती, तुकडा तेवढाच. काकू पाटावरून उठतात, एक हात टेकून. डावा पाय लांब चालल्यावर ओढतो, तो कदाचित तसाच राहील. आठवड्यातून एखादी फुली असते.

वेगळं काय करता आलं असतं

"स्टेरॉइड चालू आहे ना?" हा प्रश्नच चुकीचा होता. "दाखवा" म्हणायला हवं होतं. अकराव्या दिवशी स्ट्रिप हातात घेतली असती तर काकूंचा आठवडा वाचला असता. त्या रात्री सीटी करायला हवा होता. तोंडातला थर आणि संध्याकाळची शुगर पहिल्या आठवड्यातच तपासायला हवी होती. आठवडेच्या आठवडे एवढं स्टेरॉइड चालणाऱ्यांना फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून वाचवणारी गोळी द्यायची का, हा विचारही पुण्याच्या डॉक्टरांनीच केला, मी नाही.

"एक, अर्धी, पाव" असं लिहिणं आणि दुकानात दुसऱ्या ताकदीची गोळी देणं, यात कुणा एकाला धरावं असं मला वाटत नाही. काकांनी मात्र स्वतःलाच धरलं होतं. महिनाभर ते दवाखान्यात आले की नजर चुकवायचे. त्यांच्याशी त्याबद्दल नीट बसून बोलायला मी फेब्रुवारीपर्यंत वेळ लावला, हेही या यादीत यायला हवं.

काकूंच्या पर्समध्ये आता एक कार्ड आहे: मोठा ताप, उलट्या, अपघात किंवा ऑपरेशन झालं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन लागू शकतं. निदान वर्षभर ते जवळ ठेवायचंय. पुढचा एमआरआय डिसेंबरमध्ये, आणि सूनबाईंनी त्या तारखेला आत्ताच खूण करून ठेवली आहे.